दिव्यांग मूल सरकारी शाळेत: मदत मागायची कशी, मिळवायची कशी

महाराष्ट्रात जिल्हा परिषद, नगरपालिका किंवा महापालिकेच्या शाळेत शिकणाऱ्या दिव्यांग मुलासाठी दोन प्रकारची मदत असते. पहिली वर्गातली: बसायची जागा, शिकवण्याची पद्धत, विशेष शिक्षकाची भेट, मुलासाठी वेगळा शिक्षण आराखडा. दुसरी पैशाची आणि वस्तूंची: भत्ते, श्रवणयंत्र, व्हीलचेअर, परीक्षेतल्या सवलती. दुसऱ्या मदतीसाठी बहुतेक वेळा दिव्यांग प्रमाणपत्र लागतं. पहिलीसाठी ते लागत नाही. बरेच पालक प्रमाणपत्र हातात येईपर्यंत शाळेशी काही बोलतच नाहीत आणि बरेच मुख्याध्यापक "आधी सर्टिफिकेट आणा" म्हणून परत पाठवतात. त्यात मुलाचं अख्खं वर्ष जातं, आणि पहिली-दुसरीतलं वर्ष पुढे भरून काढणं फार जड जातं. म्हणून दोन्ही कामं एकाच आठवड्यात सुरू करा.

कायदा इथे पालकाच्या बाजूने आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १६ नुसार सरकारी आणि अनुदानित शाळांनी दिव्यांग मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आहे आणि प्रत्येकाच्या गरजेप्रमाणे सोयी करायच्या आहेत. अध्ययन अक्षमता (बुद्धी असूनही वाचन, लेखन किंवा गणितात येणारी खास अडचण) लवकर ओळखण्याची जबाबदारीही याच कलमाने शाळेवर टाकली आहे. या कलमात दिव्यांगत्वाच्या टक्केवारीची अट नाही. ४० टक्क्यांची अट येते ती कलम ३१ मध्ये, म्हणजे ६ ते १८ वयापर्यंतच्या मोफत शिक्षणाला, आणि कलम १७ मधल्या मोफत पुस्तकं व साधनांना. शिक्षण हक्क कायदा १४ वर्षांपर्यंत आहे, हा १८ पर्यंत. आठवी झाली की हक्क संपला, असं कुणी सांगितलं तर ते खरं नाही.

अर्ज

तोंडी सांगणं हे न सांगितल्यासारखंच असतं, कारण वर्गशिक्षक बदलतात, मुख्याध्यापक बदलतात. एक पान पुरतं:

"प्रति, मा. मुख्याध्यापक. माझे पाल्य इयत्ता ___ मध्ये शिकत आहे. त्यास पुढील अडचणी दिसतात: ___. विशेष शिक्षकांमार्फत प्राथमिक तपासणी व्हावी, पाल्याची नोंद यू-डायसमध्ये विशेष गरजा असलेला विद्यार्थी म्हणून व्हावी आणि त्याचा वैयक्तिक शिक्षण आराखडा माझ्या उपस्थितीत तयार व्हावा, ही विनंती. आराखड्याची प्रत मला मिळावी."

अडचणीच्या रिकाम्या जागेत "अभ्यासात कच्चा आहे" असं लिहू नका. त्यावरून कुणालाच काही कळत नाही. "फळ्यावरचं उतरवताना ओळी गाळतो, जवळ जाऊन पाहतो", "मागून हाक मारली तर वळत नाही", "तोंडी उत्तर बरोबर सांगते, लिहिताना अक्षरं उलटी होतात" असं लिहा. दोन-तीन वह्यांच्या पानांच्या झेरॉक्स जोडा. दुसऱ्या प्रतीवर तारीख आणि आवक क्रमांकासह पोच घ्या. पोच द्यायला टाळाटाळ झाली तर तोच अर्ज स्पीड पोस्टने पाठवा.

यू-डायस म्हणजे शाळा आणि विद्यार्थ्यांची सरकारी ऑनलाइन नोंदवही. तिच्यातल्या नोंदीवर जोर देण्याचं कारण सरळ आहे. तालुक्याचं नियोजन, साधनांची मागणी आणि भत्त्यांच्या याद्या याच नोंदीवरून निघतात. तिथे मूल "सामान्य" म्हणून भरलं असेल तर कागदोपत्री ते दिव्यांग नाहीच. जून-जुलैमध्ये शाळेत जाऊन नोंद स्क्रीनवर स्वतः पाहून घ्या. सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे चुकीचा प्रकार: सेरेब्रल पाल्सी असलेलं मूल "अस्थिव्यंग" म्हणून, अल्पदृष्टी असलेलं "अंध" म्हणून. प्रकार चुकला की साधनही चुकीचं येतं.

विशेष शिक्षक कुठे असतात

समग्र शिक्षा या केंद्र-राज्याच्या शालेय शिक्षण योजनेतले विशेष शिक्षक आणि समावेशित शिक्षणाचे तज्ज्ञ बहुधा एका शाळेत बसत नाहीत. ते गटसाधन केंद्राशी (शाळांना मदत करणारं तालुक्याचं केंद्र) जोडलेले असतात आणि अनेक शाळांत फिरतात. शहरात त्यांची व्यवस्था महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे असते. मुख्याध्यापकांना नाव माहीत नसेल तर केंद्रप्रमुखांना विचारा, नाहीतर पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात जा. तिथे दोनच गोष्टी विचारा: आपल्या शाळेसाठी कोण नेमलं आहे आणि त्यांच्या भेटीचा वार कोणता. तो वार घरी भिंतीवर लिहून ठेवा आणि त्या दिवशी मूल गैरहजर राहू देऊ नका.

प्राथमिक तपासणीसाठी एनसीईआरटीने "प्रशस्त" ही प्रश्नावली आणि तिचं अॅप तयार केलं आहे. पहिला भाग वर्गशिक्षकांनी भरायचा, दुसरा विशेष शिक्षकांच्या मदतीने. त्यातून फक्त संशय नोंदला जातो. निदान डॉक्टरच करतात. तपासणीत काही आढळलं म्हणजे मुलावर शिक्का बसला, या भीतीने ती नाकारू नका.

विशेष शिक्षकांची संख्या गरजेपेक्षा कमी आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिक स्तरावर १० विशेष गरजांच्या मुलांमागे एक आणि त्यापुढे १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण धरायला सांगितलं. प्रत्यक्षात आठवड्यातून एक भेट मिळाली तरी बरं, अशी अनेक ठिकाणी स्थिती आहे. त्यामुळे त्या भेटीत मुलाला किती शिकवलं यापेक्षा, पुढचे पाच दिवस वर्गशिक्षकांनी आणि घरच्यांनी काय करायचं हे ठरलं का, ते विचारा.

प्रमाणपत्र आणि यूडीआयडी

यूडीआयडी म्हणजे दिव्यांग व्यक्तीचं ओळखपत्र. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन होतो. आधार, पत्त्याचा पुरावा, सही किंवा अंगठा आणि फोटो लागतो. फोटो ६ महिन्यांच्या आतला हवा. पोर्टलवर रुग्णालय निवडताना घाई नको. कानासाठी ऑडिओमेट्री (ऐकण्याचं मोजमाप) आणि लहान मुलांसाठी बेरा तपासणी (आवाजाला मेंदू देत असलेला प्रतिसाद मोजणारी), बौद्धिक अक्षमतेसाठी मानसशास्त्रज्ञ, अशी सोय तिथे आहे का, हे आधी फोन करून विचारा. दिव्यांग बोर्डाचा वार रुग्णालयागणिक वेगळा असतो, तोही विचारा. सोय नसलेल्या ठिकाणी अर्ज गेला की तो नुसता पडून राहतो आणि शेवटी "इथे होत नाही" असं कळतं.

बोर्डापुढे जाताना जुने सगळे रिपोर्ट, चष्मा, श्रवणयंत्र, चालू औषधांची चिठ्ठी आणि शाळेच्या अर्जाची पोच बरोबर घ्या. बौद्धिक क्षमतेच्या चाचणीला मूल उपाशी, झोपमोड झालेलं किंवा तापातून उठलेलं असेल तर निकाल खरा येत नाही. अशा वेळी पुढची तारीख मागा.

यूडीआयडी कार्डाचा रंग टक्केवारी सांगतो: ४० पेक्षा कमी पांढरा, ४० ते ७९ पर्यंत पिवळा, ८० आणि त्यावर निळा. "तात्पुरतं" प्रमाणपत्र असेल तर मुदतीची तारीख पहिल्याच दिवशी टिपून ठेवा. दहावीचा परीक्षा प्रस्ताव ऐन वेळी अडकण्याचं हे मोठं कारण आहे. प्रमाणपत्र नाकारलं तर लेखी कारण मागा. दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ५९ प्रमाणे अपील करता येतं.

अध्ययन अक्षमतेची वाट थोडी लांब आहे. आधी डोळे आणि कान तपासून घ्यायचे, मग बुद्धिमापन, त्यानंतर वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्या. हे साधारण तिसरीच्या आसपास होतं, त्याआधी बहुधा "थांबा" असंच सांगतात. चाचणी मूल ज्या माध्यमात शिकतं त्याच भाषेत व्हायला हवी. मराठी शाळेतल्या मुलाची इंग्रजीतून चाचणी झाली तर तो निकाल स्वीकारू नका. मुंबईत सायनचं लोकमान्य टिळक रुग्णालय आणि नायर रुग्णालय इथे ही सोय आहे. इतर जिल्ह्यांत सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करावी.

शिक्षण आराखडा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. मुलाच्या रोजच्या दिवसात फरक पडतो तो याच कागदाने, आणि सगळ्यात जास्त निष्काळजीपणाही इथेच होतो. एकाच मजकुराचे पन्नास आराखडे, फक्त नाव बदललेलं, असं फाइलमध्ये सापडतं. कोऱ्या नमुन्यावर सही करू नका.

आराखड्यात चार गोष्टी असायलाच हव्यात: मुलाला आज काय येतं, किती दिवसांत काय यायला हवं, त्यासाठी कोण रोज काय करणार, आणि ते आलं हे कसं मोजणार. "वाचन सुधारणे" हे उद्दिष्ट नव्हे. "दिवाळीपर्यंत काना-मात्रा असलेले १० शब्द दाखवले तर ८ मदतीशिवाय वाचेल" हे उद्दिष्ट. तसंच "स्वावलंबी होणे" असं न लिहिता "डबा स्वतः उघडेल, खाल्ल्यावर बंद करून दप्तरात ठेवेल, आठवड्यातले ५ पैकी ४ दिवस" असं लिहा. एका सत्राला तीन-चार उद्दिष्टं पुरतात. पंधरा लिहिली की एकही होत नाही. सत्राच्या शेवटी बैठक ठरवा आणि तिची तारीख आराखड्यातच लिहून घ्या. उद्दिष्ट गाठलं नाही तर ते लहान करा. तेच वाक्य पुढच्या वर्षी उतरवलं जात असेल तर पद्धत चुकते आहे.

वर्गातल्या सोयी मात्र अगदी नेमक्या शब्दांत लिहून घ्या. अल्पदृष्टी असलेल्या मुलाला खिडकीकडे पाठ करून पुढे बसवणं आणि मोठ्या ठळक टाइपातला मजकूर. कर्णबधिर मुलाला शिक्षकांचा चेहरा दिसेल अशी जागा, आणि फळ्याकडे तोंड करून बोलायचं नाही हा नियम. अध्ययन अक्षम मुलाला फळ्यावरून उतरवण्याऐवजी छापील पान आणि अर्ध्या गणितांत पूर्ण मूल्यमापन. स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलासाठी दिवसाचा चित्रक्रम आणि गोंगाट वाढला की बसायला ठरलेला कोपरा. झटके येणाऱ्या मुलासाठी एक पान वर्गातच लावलेलं असावं: कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, वेळ बघा, ५ मिनिटांच्या वर गेलं तर लगेच रुग्णालय.

उतार (रॅम्प) आणि स्वच्छतागृहाचं काम शाळा व्यवस्थापन समितीच्या शाळा विकास आराखड्यात लिहून घ्यावं लागतं. समितीत किमान ७५ टक्के सदस्य पालक असतात, त्यामुळे हा मुद्दा मांडणं अवघड नाही. उताराचं प्रमाण १:१२ हवं, म्हणजे दीड फूट उंचीला १८ फूट लांबी. जागा वाचवायला केलेल्या खड्या उतारावरून व्हीलचेअर ढकलणारी आईच घसरते. स्वच्छतागृहाचं दार बाहेर उघडणारं आणि सुमारे ९० सेंटिमीटर रुंद असावं.

साधनं आणि भत्ते

श्रवणयंत्र, व्हीलचेअर, कॅलिपर (पायाला आधार देणारा साचा), ब्रेल साहित्य यांसाठी आधी मोजमाप शिबिर होतं आणि वाटप नंतर, बहुधा कित्येक महिन्यांनी. मधल्या काळात मूल वाढतं. वाटपाच्या दिवशीच व्हीलचेअरमध्ये बसवून, कॅलिपर घालून पाहा आणि माप चुकलं असेल तर तिथेच लेखी नोंद करा. श्रवणयंत्राचा कानातला साचाही वाढत्या वयात बदलावा लागतो. यंत्रातून शिट्टी येऊ लागली की बहुधा साचा सैल झालेला असतो, यंत्र बिघडलेलं नसतं. सेलवरचं स्टिकर काढलं की तो न वापरताही उतरत जातो, म्हणून गरज पडेल तेव्हाच काढा. पावसाळ्यात यंत्र रात्री सिलिका जेलच्या घट्ट डबीत ठेवा.

समग्र शिक्षेत दिव्यांग मुलींसाठी महिना २०० रुपये, वर्षातले १० महिने, असा भत्ता आहे. प्रवास आणि मदतनीस भत्ते वेगळे असतात. पैसे थेट बँक खात्यात येतात. खात्याला आधार जोडलेलं नसणं आणि शाळेतलं नाव व पासबुकावरचं नाव न जुळणं, या दोन कारणांनी ते अडकतात.

मूल शाळेत येऊच शकत नसेल तर गृहाधारित शिक्षण आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीने बहुदिव्यांग आणि तीव्र दिव्यांग मुलांना तो पर्याय दिला. पर्याय निवडायचा तो पालकांनी. "याला घरीच ठेवा" असं शाळेने सांगणं हा पर्याय नव्हे. घरी शिकत असतानाही नाव शाळेच्या हजेरीपटावर राहिलं पाहिजे.

परीक्षा

दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम १७ मध्ये जादा वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांचा उल्लेख आहे. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ आहे, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. दहावीचा प्रस्ताव शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो. नववीतच मंडळाची यादी पाहून आपल्या प्रमाणपत्रावर कोणत्या सवलती बसतात ते तपासा. लेखनिक खालच्या इयत्तेतला असावा लागतो. या सवलती घटक चाचण्यांपासूनच मागा. लेखनिकाला उत्तर सांगणं हे वेगळं कौशल्य आहे. विरामचिन्हं, आकृतीतली नावं, गणिताच्या पायऱ्या तोंडी सांगण्याचा सराव नसेल तर येत असलेलं उत्तरही कागदावर उतरत नाही.

अडलं तर

मुख्याध्यापक, मग गटशिक्षणाधिकारी, मग जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी, हा क्रम. दिव्यांग हक्क कायद्याच्या २०१७ च्या नियमांनुसार जिल्हा शिक्षण कार्यालयात दिव्यांग मुलांच्या प्रवेश आणि सोयींसाठी एक नोडल अधिकारी असायला हवा. त्यांच्या नावे अर्ज करा. त्यानंतर पुण्यातलं दिव्यांग कल्याण आयुक्तालय. विशेष शिक्षकांच्या भेटी कागदावरच होत असतील तर माहिती अधिकारात विचारा: गेल्या शैक्षणिक वर्षात विशेष शिक्षकांनी या शाळेला कोणत्या तारखांना भेट दिली? शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. "समाधानकारक सेवा मिळते का" असा मोघम प्रश्न विचारला तर उत्तरही मोघमच येतं.

शाळा बदलताना, म्हणजे चौथी-पाचवी किंवा सातवी-आठवीनंतर, मदत हमखास तुटते. दाखल्याबरोबर आराखडा आपोआप जात नाही. शेवटच्या महिन्यात जुन्या शाळेकडून आराखड्याची, यू-डायस नोंदीची आणि मिळालेल्या साधनांच्या यादीची प्रत घ्या. नव्या शाळेत पहिल्या पंधरवड्यात नवा अर्ज द्या आणि त्याला ही कागदपत्रं जोडा.