डीएए पाठ करू नका, मोजायला शिका

कोल्हापुरात इंजिनिअरिंग नाहीतर एमसीए करणारी बरीच पोरं डीएएचा (डिझाइन अँड अ‍ॅनालिसिस ऑफ अल्गोरिदम्स, म्हणजे प्रोग्रामला किती काम पडतं ते मोजायचा विषय) पेपर जवळ आला की झेरॉक्सच्या दुकानातनं नोट्स आणतात आणि त्यातलं टेबल घोकत बसतात, मर्ज सॉर्ट एन लॉग एन, बबल सॉर्ट एन स्क्वेअर वगैरे. त्यानं दोन मार्कांचं काम होतं, पण कोड जरा फिरवून दिला की पेन थांबतो. हा विषय मोजायचा आहे, आणि मोजायला कोरी वही बास, लॅपटॉप पण नको.

लूपपासनं सुरू करा. समजा बाहेरच्या लूपमध्ये आय एकपासनं दर वेळी दुप्पट होत एनपर्यंत जातोय आणि आतल्या लूपमध्ये जे एकपासनं आयपर्यंत. हे बघितल्या बघितल्या हात एन लॉग एन लिहायला जातो, बाहेर लॉग, आत एन, झाला गुणाकार. थांबा, एन 16 धरून वहीत मांडा. आतला लूप आधी 1 वेळा फिरतो, मग 2, 4, 8, 16, बेरीज 31. एन 32 धरला तर 63. कायम दोन एनच्या आतच राहतंय की, म्हणजे उत्तर थीटा एन, काम वरनं-खालनं दोन्हीकडनं एनच्या पटीत. बिग ओ म्हणजे फक्त वरची हद्द, त्या हिशोबानं एन लॉग एन चूक नाही पण ढिलं आहे, आणि प्रश्नात थीटा विचारला असेल तर मार्क गेले. असले पाच-सहा लूप स्वतः मांडले की नजर तयार होते, हे मी अगदी खात्रीनं सांगतो.

रिकर्शनला, म्हणजे फंक्शन स्वतःलाच बोलावतं तिथं, मास्टर थिअरमचा तयार फॉर्म्युला लावायच्या आधी कॉल्सचा ट्री काढा. मर्ज सॉर्टच्या ट्रीत प्रत्येक लेव्हलला एकूण काम एनच्या पटीत आणि लेव्हल साधारण लॉग एन, हे एकदा डोळ्यांनी दिसलं की फॉर्म्युला आपोआप लक्षात राहतो. आणि वर्स्ट केस म्हणजे बिग ओ असं समजू नका, कुठली केस बघतोय हे वेगळं आणि तिला वरनं बांधतोय का खालनं हे वेगळं.

आता कॉम्प्लेक्सिटी, म्हणजे प्रॉब्लेमच मुळात किती अवघड. कोल्हापुरातनं माल घेऊन निघायचं, इचलकरंजी, कागल, गडहिंग्लज असं फिरून परत यायचं, सगळ्यात कमी अंतर कुठल्या रूटनं? कोल्हापूर धरून 10 गावं असली तर 1,81,440 रूट (सुलट-उलट एकच धरून). 20 गावं झाली की सेकंदाला 100 कोटी रूट तपासले तरी जवळजवळ दोन वर्षं लागतात, आणि 25 ला साधारण 98 लाख वर्षं! डायनॅमिक प्रोग्रामिंगची (छोट्या भागांची उत्तरं साठवून पुढं वापरायची) 1962 ची हेल्ड-कार्प पद्धत वापरली तर 20 गावांचं काम अंदाजे 42 कोटी स्टेप्समध्ये होतं, म्हणजे कॉम्प्युटरला काहीच नाही, पण तीसुद्धा एक्स्पोनेन्शियलच आहे, एक गाव वाढलं की काम दुप्पटीच्या वर, गावं वाढली की तिचाही दम निघतो. हा हिशोब कॅल्क्युलेटर घेऊन स्वतः करा, मग एनपी-हार्ड (ज्यांना झटपट पद्धत अजून कुणाला सापडलेली नाही असले प्रॉब्लेम) हा शब्द अंगात मुरतो.

रिडक्शनमध्ये, म्हणजे एक प्रॉब्लेम दुसऱ्यात बदलण्यात, सगळ्यात जास्त घोळ दिशेचा होतो. तुमचा प्रॉब्लेम अवघड आहे हे दाखवायचं असेल तर आधीच अवघड ठरलेला, समजा थ्री-सॅट (खरं-खोटं भरून लॉजिकचा फॉर्म्युला खरा करता येतो का, या सॅट प्रॉब्लेमचाच एक प्रकार), घेऊन तो तुमच्या प्रॉब्लेममध्ये बदलायचा, उलटं नाही. उत्तराच्या पहिल्याच ओळीत बाण काढून ठेवा, थ्री-सॅटकडनं आपल्याकडं. 1971 ला कुकनं सॅट एनपी-कम्प्लीट, म्हणजे उत्तर पटकन तपासता येतं पण एनपी-हार्डही, ठरवला आणि 1972 ला कार्पनं 21 प्रॉब्लेम याच रस्त्यानं जोडले, त्यातले दोन-तीन रिडक्शन बघून न घेता वहीत उतरवून काढा.

अजून एक, इनपुटची साईज म्हणजे आकडा नव्हे, तो लिहायला लागणारे बिट. नॅपसॅकचं (डब्ल्यू वजन पेलणाऱ्या पिशवीत एन वस्तूंतनं जास्तीत जास्त किमतीच्या भरायच्या) एन गुणिले डब्ल्यू बघून पॉलिनॉमियल, म्हणजे साईजच्या ठरावीक घातात बसणारं, म्हणू नका, डब्ल्यूला एक बिट वाढला की काम दुप्पट. प्राइम तपासणं पण तसंच, वर्गमुळापर्यंत भागत बसलं तर बिटच्या हिशोबानं ते एक्स्पोनेन्शियल होतं, म्हणून तर आयआयटी कानपूरच्या अग्रवाल, कयाल, सक्सेना यांनी 2002 ला पॉलिनॉमियल पद्धत दिली तेव्हा जगभर नाव झालं. आपल्याच देशातलं काम आहे, जरूर वाचा.

लेक्चर एनपीटीईएलवर (आयआयटी वगैरेंच्या ऑनलाइन कोर्सच्या साईटवर) फुकट आहेत, पण सलग बघत बसू नका, प्रूफ सुरू झालं की पॉज करून आधी स्वतः लिहा. शिवाजी विद्यापीठात असाल तर खर्डेकर लायब्ररीत वही घेऊन बसा, आणि जोडीदार घ्या, एकानं कोड द्यायचा, दुसऱ्यानं मोजायचा, मग अदलाबदल.