कोंबड्या नव्या घरी हलवताना या चुका टाळा

घर बदलताना टेम्पोत शेवटी उरलेल्या जागेत कोंबड्यांचं डालगं सरकवलं जातं आणि नव्या जागी पोचल्यावर खुराडं कुठं करायचं याची चर्चा सुरू होते. इथंच गडबड होते. थंड वेळी केलेल्या दोन-तीन तासांच्या प्रवासात कोंबडी सहसा दगावत नाही. ती हरवते, आजारी पडते किंवा मुंगसाच्या तोंडी जाते ती पुढच्या आठवड्यात. म्हणून आधी खुराडं, मग कोंबड्या.

खुराडं अर्धवट ठेवणं

गावरान कोंबडीला आत किमान 2 ते 3 चौरस फूट जागा आणि दांडीवर 8 इंच लांबी लागते. दांडी जमिनीपासून दोन फुटांवर आणि अंडी घालायच्या खोक्यापेक्षा उंच हवी, नाहीतर कोंबड्या खोक्यातच झोपतात आणि अंडी घाणीत लोळतात. चार-पाच कोंबड्यांना एक फूटभर लांब-रुंद खोकं पुरतं. त्यात एक खोटं अंडं ठेवलं की जागा लवकर कळते. जाळी अर्धा इंची वेल्डमेशची घ्या. मासे धरायची जाळी मुंगूस सहज फाडतं, आणि दाराखाली दोन इंचांची फट राहिली तर त्याला तेवढी पुरे.

जत-आटपाडीकडून पाटण-महाबळेश्वरच्या बाजूला जाणाऱ्यांची चूक वेगळीच असते. कोरड्या भागात चाललेलं जमिनीलगतचं खुराडं इथं जुलैत चिखलात बसतं. तूस ओलं झालं की रक्ती हगवण आलीच. तळ दीड-दोन फूट उचला आणि पश्चिमेची बाजू पत्र्यानं बंद करा, पाऊस तिकडूनच झोडपतो.

जुनी दांडी सोबत नेली तर कोंबड्या तिच्यावर लवकर बसतात. पण नेण्याआधी टोकांच्या भेगा बघा. बारीक लाल किडे आणि गोचिडी दिवसा तिथं दडून बसतात. भेगेत काडी फिरवा. काडीच्या टोकाला रक्ताचा डाग आला तर ती दांडी जाळून टाका.

दिवसा धरणं, पाय बांधून उलटं नेणं

दिवसा अंगणभर पळवून धरलेली कोंबडी प्रवासाआधीच दमते. रात्री दांडीवर बसल्या असताना मंद उजेडात, दोन्ही हातांनी पंख अंगाशी दाबून उचला. अंधारात तिला नीट दिसत नाही, त्यामुळे ती फडफडत नाही. मोटारसायकलच्या हँडलला पाय बांधून लटकवणं बंदच करा. पक्ष्यांना आपल्यासारखं श्वासपटल (छाती आणि पोट यांच्यामधला पडदा) नसतं; उलटं धरलं की पोटातले अवयव फुफ्फुसांवर दाब देतात.

भाजीचं प्लॅस्टिक क्रेट (54 × 36 सेंमी) चांगलं चालतं. तळाला पोतं आणि वर दोन इंच तूस टाका, म्हणजे वळणावर पाय घसरत नाहीत. एका क्रेटमध्ये तीन कोंबड्या, वर सुतळीनं आवळलेली जाळी. कोंबडा वेगळा. दोन कोंबडे एकत्र घातलेत तर रक्ताळलेले तुरे बघायची तयारी ठेवा. पिल्लंवाली आई पिल्लांसकट स्वतंत्र क्रेटमध्ये. खुडूक कोंबडी अंड्यांवर असेल आणि घाई नसेल, तर 21 दिवस पुरे होऊ द्या. हलवली तर बहुतेक वेळा ती अंडी सोडते.

निघण्याआधी चार-सहा तास खाणं बंद, पाणी मात्र क्रेटमध्ये घालेपर्यंत चालू.

ताडपत्री आवळून बांधणं

कोंबडीला घाम येत नाही, ती धापून उष्णता बाहेर टाकते. तिशीच्या पुढं तापमान गेलं की चोच उघडते. ताडपत्रीखाली हवाच हलत नसेल तर त्या धापण्याचा काही उपयोग नाही. एप्रिल-मेमध्ये पहाटे निघा आणि ऊन चढायच्या आत पोचा. ताडपत्री फक्त वरून आणि पुढून, बाजू मोकळ्या. क्रेटच्या दोन रांगांमध्ये वीतभर फट ठेवा. गाडी उन्हात उभी करून चहाला थांबू नका.

सांगलीत नदीकाठी राहणाऱ्यांनी पुराबाबत एक लक्षात ठेवावं. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट आहे. 40 फुटांची वाट बघत बसलात तर ऐनवेळी टेम्पो मिळत नाही. क्रेट आणि पोती जूनमध्येच बाजूला काढून ठेवा.

पोचल्याबरोबर मोकळं सोडणं

सगळ्यात महागडी चूक हीच. कोंबडी माणसापेक्षा जागेला सरावते. पहिल्या संध्याकाळी सोडलेली कोंबडी जुन्या खुराड्याच्या शोधात भटकते किंवा शेजारच्या आंब्यावर जाऊन बसते. पाच ते सात दिवस आतच ठेवा.

पहिल्या दिवशी आधी पाणी, तासाभरानं खाणं. पाण्यात लिटरला लिंबाएवढा गूळ चालेल, पण दोन-तीन तासांत ते फेकून साधं पाणी भरा, उन्हात आंबतं. खाणं जुनंच ठेवा, बदल आठवड्यानंतर हळूहळू.

पहिल्यांदा सोडाल ते मावळतीच्या तासभर आधी आणि उपाशीपोटी. दाणे खुराड्यात टाका, सगळ्या आपोआप आत वळतात. अंधार पडायच्या आधी आत छोटा दिवा लावला तर बाहेर रेंगाळणाऱ्याही येतात; सगळ्या आत आल्या की दिवा बंद. रोज थोडी वेळ वाढवा.

तिथल्या कोंबड्यांत लगेच मिसळणं

तीन आठवडे वेगळं ठेवा, भांडीसुद्धा वेगळी. मग आठवडाभर मधे जाळी ठेवून एकमेकींना दिसू द्या आणि एका रात्री दांडीवर नेऊन बसवा. दाणा-पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी ठेवली तर टोचाटोची कमी होते. लासोटा (मानमोडी म्हणजे राणीखेत रोगाची लस) द्यायची असेल तर हलवण्याच्या पंधरा दिवस आधी द्या, त्याच दिवशी नको.

नंतर काय दिसतं

आठवडा-दोन आठवडे अंडी बंद होणं, थोडी पिसं झडणं, पहिल्या दिवशी पातळ विष्ठा, हे सगळं घाबरण्यासारखं नाही. औषधं पाजत सुटू नका. विष्ठेत रक्त असेल किंवा कोंबडी पिसं फुगवून दिवसभर पेंगत असेल, तर तिला वेगळी करून पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. मान वाकडी आणि हिरवी विष्ठा असेल तर मानमोडीची शंका धरा आणि त्या कोंबड्या बाजारात मात्र नेऊ नका.