घाणेरीवर फुलपाखरू का बसते? शाळेत परागवाहक आणि आक्रमक वनस्पतींच्या नोंदी कशा घ्याव्यात

पावसाळा संपत आला की नागपुरातल्या बहुतेक शाळांच्या मागच्या भिंतीलगत घाणेरी, म्हणजे आपल्याकडची रायमुनिया, फुललेली दिसते आणि तिच्यावर फुलपाखरांची गर्दी असते. सहावीच्या वर्गाला आक्रमक वनस्पतींचा पाठ शिकवून मी तिथे नेले, तेव्हा एका मुलीने विचारले, "ही वनस्पती वाईट आहे ना, मग फुलपाखरू हिच्यावर का बसते?" परागवाहक आणि आक्रमक प्रजाती हे दोन विषय वेगवेगळे न शिकवता या एका प्रश्नाभोवती वर्षभर गुंफावेत आणि उत्तर शिक्षकाने सांगून न टाकता मुलांच्या मोजणीतून येऊ द्यावे, असे माझे ठाम मत आहे. ते कसे करायचे, हे पुढे सविस्तर लिहीत आहे.

जागा आणि दहा मिनिटे

विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, म्हणून जुलै महिना जागा निवडण्यात आणि वनस्पती ओळखण्यात घालवावा, आणि प्रत्यक्ष मोजणी ऑगस्टपासून फेब्रुवारीपर्यंत महिन्यातून दोनदा करावी. मार्चनंतरचे ऊन मुलांना झेपण्याजोगे नसते. दूरच्या उद्यानापेक्षा शाळेचे आवारच बरे, कारण एकाच जागेकडे पुन्हा पुन्हा जाता आले तरच नोंदीला अर्थ येतो.

दोन मीटर सुतळीला सारख्या अंतरावर गाठी मारून तिची टोके बांधली की पन्नास सेंटिमीटर बाजूचा चौरस तयार होतो. तो फुललेल्या झुडपावर किंवा जमिनीवरच्या फुलांवर ठेवून दहा मिनिटे केवळ पाहायचे आणि फुलाला स्पर्श करणारा प्रत्येक कीटक मोजायचा. ब्रिटनमध्ये नागरिकांकडून होणाऱ्या परागवाहक-गणनेत चौरसाचे माप आणि वेळ हीच आहे. चार मुलांचा गट पुरे: दोघे पाहतात, एक लिहितो आणि एक घड्याळ सांभाळतो. तारीख, वेळ, ऊन की ढग, वारा किती आणि चौरसात फुले किती, हे आधी लिहून मगच मोजायला सुरुवात करावी. दहा मिनिटांत एकही कीटक आला नाही तर "शून्य" असे स्पष्ट लिहायला लावावे. मुलांना शून्य म्हणजे अपयश वाटते आणि ती रकाना कोरा ठेवतात. कोऱ्या रकान्यावरून मात्र पाहिलेच नाही की पाहूनही काही दिसले नाही, हे नंतर कोणालाच कळत नाही.

एका चौरसासाठी घाणेरी निवडली, तर दुसऱ्यासाठी अडुळसा, तिसऱ्यासाठी तुळस घ्यावी. चौथा चौरस मैदानावरच्या एकदांडीचा असावा. ही पिवळसर पांढऱ्या फुलांची वनस्पती मूळची अमेरिका खंडातली आहे, हे तिला रोज पायाखाली तुडवणाऱ्या मुलांना सहसा माहीत नसते.

कोण आले, हे ओळखणे

प्रजातीचे नाव अचूक सांगण्याचा आग्रह पहिल्या सहा महिन्यांत धरू नये. मधमाशी, भुंगा, इतर माशी, फुलमाशी, गांधीलमाशी, फुलपाखरू, भुंगेरा, मुंगी इतके गट पुरतात. खरी अडचण फुलमाशीची होते. तिच्या अंगावर मधमाशीसारखेच पिवळे-काळे पट्टे असतात, पण तिला पंखांची एकच जोडी असते, डोळे डोक्याचा बहुतेक भाग व्यापतात, मिशा अगदी आखूड असतात आणि ती हवेत एका जागी स्थिर राहू शकते. मधमाशीला पंखांच्या दोन जोड्या असतात आणि मागच्या पायांवर परागाचे गोळे दिसतात. "पाय पाहा, मग डोळे पाहा" एवढे सांगितले तरी मुले महिन्याभरात तरबेज होतात.

त्यानंतर मधमाश्यांमध्ये भेद करायला शिकवावे. तुळशीवर दिसणारी अगदी लहान माशी बहुधा फुलोरी असते आणि ती झुडपाच्या फांदीला एकच छोटे पोळे बांधते. सातेरी झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या पोकळीत समांतर पोळी बांधते. आग्या माशीचे भले मोठे पोळे पाण्याच्या टाकीखाली किंवा उंच इमारतीच्या छज्जाला लटकते, आणि त्याच्या जवळपास मोजणी करायची नाही, हा नियम पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहावा. कोणाला माशीच्या दंशाची ॲलर्जी आहे का, हे पालकांकडून लेखी विचारून घ्यावे. माशी चावली तर काटा लगेच नखाने खरवडून काढावा आणि बर्फ लावावा. श्वास लागला किंवा चेहऱ्याला सूज आली, तर क्षणभरही न थांबता रुग्णालय गाठावे.

वांग्याचे फूल आणि नादकाटा

शाळेच्या परसबागेत वांगी असतील, तर एक तास केवळ त्या फुलासाठी ठेवावा. वांग्याच्या जांभळ्या पाकळ्यांच्या मध्यभागी पिवळ्या परागकोशांचा शंकू असतो. हे परागकोश इतर अनेक फुलांतल्यासारखे उभे फाटत नाहीत. त्यांच्या टोकाला बारीक छिद्रे असतात आणि पराग आत अडकून राहतो. भुंगा किंवा निळ्या पट्ट्यांची एकांडी माशी फुलाला घट्ट धरते, पंख न हलवता उड्डाणाचे स्नायू थरथरवते, आणि त्या कंपनाने पराग छिद्रांतून बाहेर उडतो. मुलांना शांत उभे केले, तर फुलावर बसल्याबरोबर भुंग्याचा आवाज बदललेला त्यांना स्पष्ट ऐकू येतो. मधमाशीला हे कंपन साधत नाही.

आता प्रयोगशाळेतला नादकाटा आणावा. नुकत्याच उमललेल्या फुलाखाली काळा कागद धरावा, नादकाटा रबरी ठोकळ्यावर आपटून त्याचे टोक परागकोशांना हलकेच टेकवावे, म्हणजे कागदावर पिवळी भुकटी पडते. ही भुकटी पाहून झाल्यावर परागीभवनाची व्याख्या पाठ करून घ्यावी लागत नाही, असा माझा अनुभव आहे.

कोहळ्याचा वेल असेल, तर मादी फूल उमलण्याच्या आदल्या संध्याकाळी त्याच्या कळीला मलमलची पिशवी बांधावी आणि शेजारचे दुसरे मादी फूल मोकळे सोडावे. मादी फूल ओळखणे सोपे आहे, कारण त्याच्या खाली इवलेसे कोहळे आधीच दिसते. पिशवीतले कोहळे काही दिवसांत पिवळे पडून गळते.

परदेशी आणि आक्रमक यांतला फरक

या टप्प्यावर घाईने ठरीव वाक्ये शिकवली जातात आणि मुले "परदेशी म्हणजे वाईट" असे समजून बसतात. मिरची, टोमॅटो, पेरू आणि सीताफळ ही सगळी अमेरिका खंडातून आलेली आहेत, आणि ती आपण आवडीने खातो. जी बाहेरची प्रजाती लागवडीशिवाय स्वतःहून पसरते आणि इथल्या प्रजातींची जागा, पाणी व प्रकाश बळकावते, तीच आक्रमक. घाणेरी शोभेचे झुडूप म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारतात आली आणि तिची फळे खाणाऱ्या बुलबुलांसारख्या पक्ष्यांनी ती रानोमाळ नेली. गाजरगवत, नाल्याकाठची बेशरम आणि तलावांवर पसरणारी जलपर्णी यांचीही ओळख करून द्यावी. जलपर्णी मात्र काठावरूनच पाहायची, पाण्यात उतरायचे नाही.

गाजरगवताच्या पानांवर पावसाळ्यात पांढुरक्या अंगाचा, गडद रेषांचा लहान भुंगेरा दिसतो का, हे शोधायला लावावे. हे तण खाऊन आटोक्यात ठेवावे, म्हणून तो मेक्सिकोहून मुद्दाम आणून 1984 साली बंगळुरू येथे सोडण्यात आला होता. बाहेरचा कीटक असा आणणे योग्य की अयोग्य, यावर आठवीची मुले पूर्ण तास वाद घालू शकतात, आणि घालू द्यावा.

आता मूळ प्रश्नाकडे यावे. कढीलिंब, लिंबू, रुई आणि घाणेरी या प्रत्येकाची पन्नास पाने मुलांना खालून-वरून तपासू द्यावीत आणि फुलपाखरांची अंडी व सुरवंट मोजू द्यावेत. कढीलिंबावर आणि लिंबावर पक्ष्याच्या विष्ठेसारखे दिसणारे कोवळे सुरवंट सापडतात. रुईवर काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांचे सुरवंट सापडतात. घाणेरीच्या पानांवर त्यांपैकी कोणीच नसते. फुलपाखरू तिथे मध प्यायला येते, पण त्याची पिल्ले वाढतात ती ठरावीक वनस्पतींच्याच पानांवर. 2015 साली महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू म्हणून घोषित झालेले ब्लू मॉरमॉनही लिंबू-संत्र्याच्या कुळातल्या झाडांवर अंडी घालते. संत्र्याच्या शहरातल्या मुलांना हे ऐकताना होणारा आनंद पाहण्यासारखा असतो.

नोंद बाहेर पाठवणे

छायाचित्रे आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल या सजीवांच्या नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळांवर चढवता येतात. खाते शिक्षकाचे असावे, मुलांची नावे आणि चेहरे कुठेही येऊ नयेत आणि आयनॅचरलिस्टवर ठिकाण अंधुक ठेवण्याची सोय वापरावी. लावलेल्या झाडाची नोंद "लागवडीचे" अशी करावी. नाहीतर कुंडीतले रोप रानात उगवल्याचा समज होतो. एकाच कीटकाची तीन छायाचित्रे घ्यावीत, वरून, बाजूने आणि फुलासह, कारण जाणकारांना ओळख पटवायला त्यांची गरज पडते. मात्र ॲपवर "शून्य" पाठवता येत नाही, त्यामुळे वर्गाची वही स्वतंत्र ठेवावीच आणि मी तर वहीलाच अधिक महत्त्व देतो.

तण काढताना

पहिल्या वर्षी मी उत्साहाच्या भरात मुलांकडून उघड्या हातांनी गाजरगवत उपटून घेतले आणि दोघांच्या हातांवर पुरळ उठले. ती चूक पूर्णपणे माझी होती. हे गवत त्वचेला आणि श्वासाला बाधते, म्हणून ते काढण्याचे काम हातमोजे व मुखपट्टी घातलेल्या मोठ्या माणसांनीच, जमीन ओली असताना आणि फुलोरा येण्यापूर्वी करावे. मुलांनी आधी व नंतर चौरसातली रोपे मोजावीत. गोरेवाडा किंवा अंबाझरीच्या वनक्षेत्रात परवानगीशिवाय काहीही उपटू नये.

घाणेरी नुसती छाटली तर बुंध्यातून पुन्हा फुटते, त्यामुळे ती मुळासकट काढावी लागते. परंतु संपूर्ण झुडूप एकाच दिवशी काढून टाकू नये. पहिल्या पावसात भिंतीलगत अडुळसा, कढीलिंब आणि तुळस लावावी, ती फुलू लागेपर्यंत घाणेरीचा अर्धा भाग राहू द्यावा, आणि सुतळीचा चौरस पूर्वीच्याच जागी ठेवून मोजणी चालू ठेवावी. जुन्या आणि नव्या झुडपांचे आकडे त्याच वहीत समोरासमोरच्या पानांवर लिहावेत. जूनमध्ये ती वही नव्या सहावीच्या हाती द्यावी आणि तिच्या पहिल्या पानावर त्या मुलीचा प्रश्न तिच्याच शब्दांत राहू द्यावा.