लाइव्ह वैद्यकीय नोंदींवर ओडीबीसीने क्वेरी चालवणाऱ्या नवोदितांसाठी

एसक्यूएल येते, जॉइन लिहिता येतो आणि ड्रायव्हर बसवून डीएसएन (जोडणीचा साठवलेला तपशील) तयार करता येते, इतकी वाचकाची तयारी आहे असे धरून हे लिहीत आहे. ओडीबीसीने, म्हणजे एक्सेलसारख्या प्रोग्रामला डेटाबेसशी जोडणाऱ्या प्रमाणित पद्धतीने, जोडणी करताना फारसे काही अडत नाही. ६४-बिट ड्रायव्हर ३२-बिट एक्सेलला चालत नाही, एवढे कळले की निम्मी डोकेदुखी संपते. खरी अडचण पुढे सुरू होते, कारण समोर टेबले दिसतात आणि ती नेहमीच्या टेबलांसारखीच वागतील असे आपण गृहीत धरतो.

रुग्णालयांच्या अनेक मोठ्या प्रणाली आजही मम्प्स या भाषेच्या वारशावर उभ्या आहेत. १९६६-६७ च्या सुमारास बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये ही भाषा तयार झाली. तिच्यात माहिती ‘ग्लोबल’ नावाच्या, फांद्या फुटत जाणाऱ्या रचनेत साठवली जाते, आणि इंटरसिस्टम्स कंपनीचे कॅशे किंवा आयरिस हे डेटाबेस हेच ग्लोबल एसक्यूएलला टेबलांच्या रूपात दाखवते. आतील नोंदी मात्र सहसा आयडीच्या क्रमानेच लावलेल्या असतात, आणि इंडेक्स, म्हणजे शोध झटपट लागावा म्हणून ठेवलेली वेगळी सूची, कोणी जाणीवपूर्वक तयार केला असेल त्याच कॉलमवर मिळतो.

नवखा माणूस सावधगिरी म्हणून क्वेरीला ‘टॉप १०’ जोडतो, उत्तर क्षणात येते आणि क्वेरी हलकी आहे असा त्याचा समज होतो. प्रत्यक्षात सर्व्हर पहिल्या आयडीपासून वाचत निघालेला असतो आणि अटीत बसणाऱ्या दहा ओळी लवकर सापडल्यामुळेच थांबलेला असतो. तीच क्वेरी ‘टॉप’ काढून, किंवा इंडेक्स नसलेल्या कॉलमवर ‘ऑर्डर बाय’ लावून, किंवा काल दाखल झालेल्या मोजक्या रुग्णांपुरती अट घालून चालवली, की अख्खा ग्लोबल पालथा घालावा लागतो. अट जितकी नेमकी तितके सर्व्हरचे काम कमी, ही आपली समजूत इंडेक्स असेल तरच खरी ठरते. तो नसेल तर चार ओळींसाठीही वर्षानुवर्षांच्या सगळ्या नोंदी वाचल्या जातात. शिवाय याची झळ आपल्यापुरती राहत नाही. त्याच सर्व्हरवर वॉर्डमधील परिचारिका औषध दिल्याची नोंद करत असते आणि तिची स्क्रीन अडखळते. म्हणून पुन्हा सांगतो: ‘टॉप १०’ चटकन आले, यावरून क्वेरीविषयी काहीही सिद्ध होत नाही.

यावर उपाय एकच, तो म्हणजे क्वेरी चालवण्याआधी तिचा प्लॅन, म्हणजे सर्व्हर ती कशी पार पाडणार त्याचा आराखडा, वाचणे. आयरिसच्या मॅनेजमेंट पोर्टलमध्ये ‘शो प्लॅन’ मिळतो. त्यात ‘रीड इंडेक्स मॅप’ने सुरुवात झाली असेल तर बहुधा पुढे जायला हरकत नसते, पण ‘रीड मास्टर मॅप’ (मूळ नोंदीच वाचणे) आणि त्यापुढे ‘लूपिंग ऑन आयडी’ (एकेक आयडी घेत जाणे) एवढेच दिसले, आणि आयडीवर कोणतीही अट नसली, तर हात आखडता घ्यावा. शेजारी दिसणाऱ्या ‘रिलेटिव्ह कॉस्ट’वरून दोन वेगळ्या क्वेरींची तुलना करू नये, तो आकडा त्यासाठी नसतो. इंडेक्स असूनही तो वापरला जात नसेल, तर तारखेच्या कॉलमवर वर्ष काढण्याचे फंक्शन लावले आहे का ते पाहावे. कॉलम तसाच ठेवून ‘१ जानेवारीपासून पुढे आणि १ फेब्रुवारीच्या आधी’ अशी अट लिहिली की बहुतेक वेळा काम भागते.

जुनी क्वेरी हातात देऊन “फक्त तारीख बदल” असे सांगणाऱ्या वरिष्ठांविषयी माझे मत चांगले नाही. ती क्वेरी ज्या इंडेक्सच्या भरवशावर लिहिली होती तो आज शिल्लक आहे का, हे त्यांनी तपासलेले नसते. शेजारी बसवून एक प्लॅन ओळीने वाचून दाखवणारा कोणी भेटला, तर त्याला सोडू नका. एक्सेलमध्ये लाइव्ह जोडणीवर दर पाच मिनिटांचा आपोआप रिफ्रेश लावणे, हा शॉर्टकट तर मी कोणालाही सुचवणार नाही.

आकडे विचित्र दिसले म्हणून लगेच धीर सोडू नये. कॉलम तारखेऐवजी साध्या पूर्णांकाचा घोषित केलेला असेल, तर १ जानेवारी २०२४ च्या जागी ६६८४० दिसते. ते ३१ डिसेंबर १८४० पासून मोजलेले दिवस असतात. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांतील व्हिस्टासारख्या प्रणालीत ३२४०१०० असे दिसले, तर २०२४ मधून १७०० वजा करून आलेले ३२४ हे वर्ष आणि ०१ हा महिना असतो. शेवटची शून्ये दिवस ठाऊक नसल्याचे सांगतात. लागोपाठ दोनदा मोजून दोन वेगळी उत्तरे आली, तरी तो दोष तुमचाच असेल असे नाही. नोंदी सतत बदलत असतात, आणि आयरिसमध्ये वेगळे सांगितले नाही तर कमिट न झालेले, म्हणजे अजून कायम न झालेले बदलही वाचले जातात.

मागील महिन्याचे अहवाल लाइव्ह सर्व्हरवरून काढण्याचे बहुधा कारणच नसते. एपिक या रुग्णालय-प्रणालीत त्यासाठी क्रॉनिकल्स या लाइव्ह डेटाबेसमधून साधारणपणे रोज रात्री क्लॅरिटी या अहवालांच्या डेटाबेसमध्ये माहिती उतरवली जाते, आणि आयरिसमध्ये अहवालांसाठी स्वतंत्र मिरर (डेटाबेसची सतत अद्ययावत होणारी प्रत) ठेवता येतो. तशी सोय आहे का, हे खाते मागतानाच विचारावे आणि खाते केवळ वाचण्याच्या अधिकाराचे मागावे. लाइव्ह सर्व्हरवरच काम करावे लागले, तर क्वेरी अडकल्यावर एक्सेल बंद करून निश्चिंत होऊ नये, कारण खिडकी बंद झाली तरी सर्व्हरवरील प्रोसेस तत्काळ थांबेलच असे नाही. ॲडमिनला फोन करून क्वेरी केव्हा आणि कोणत्या खात्यावरून सुरू केली ते सांगावे, आणि ती प्रोसेस बंद झाल्याचे त्याच्याकडून कळेपर्यंत दुसरी क्वेरी चालवू नये.