टोकियोतल्या निशी-कासाईत नव्यानं येणाऱ्यांसाठी: इथले लोक आपल्याशी कसे वागतात

टोकियोत नोकरीला आलेली मराठी मुलं पहिल्या महिन्यातच मला विचारतात, "इथे आपल्याला कमी लेखतात का हो?" बहुतेक वेळा नाही. काही वेळा मात्र हो, आणि ते नेमकं कुठे होतं हे आधीच माहीत असलेलं बरं.

तोझाई लाइन या मेट्रोच्या भरल्या गाडीत तुमच्या शेजारची सीट रिकामी राहते आणि माणसं उभी राहतात. पहिल्यांदा हे फार लागतं. काही जण खरोखरच टाळतात, पण बऱ्याच जणांना तुम्ही इंग्रजीत काहीतरी विचाराल याचीच धास्ती असते. ते मनाला लावून घेऊ नका.

घर शोधताना मिळणारा नकार वेगळा. एजंट तुमच्यासमोरच मालकाला फोन करतो, "परदेशी आहेत, पण जपानी बोलतात" असं अजिजीनं सांगतो, मग फोन ठेवून मान झुकवून माफी मागतो. नकार इतक्या सभ्यपणे मिळतो की भांडायला जागाच राहत नाही. न्याय मंत्रालयाच्या २०१७ साली जाहीर झालेल्या पाहणीत घर शोधलेल्या परदेशी रहिवाशांपैकी सुमारे ३९ टक्के लोकांनी परदेशी म्हणून नकार मिळाल्याचं सांगितलं होतं. कायद्याचा आधार घ्यावा, तर २०१६ चा कायदा आहे तो द्वेष पसरवणाऱ्या भाषणांविरुद्ध. त्यातही शिक्षेची तरतूद नाही आणि घराच्या नकाराला तो लागू होत नाही. हा अन्यायच आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. सरळ यूआर या सरकारी गृहसंस्थेच्या वसाहतीत अर्ज करा. तिथे जामीनदार लागत नाही, मालकाला द्यायचं रेइकिन (परत न मिळणारी रक्कम) नाही, एजंटचं कमिशनही नाही; व्हिसा आणि उत्पन्नाच्या अटी तेवढ्या पूर्ण करायच्या. वाय-टू-केच्या, म्हणजे २००० सालच्या सुमारास आलेले आपले आयटीवाले निशी-कासाईत रुजले, त्याचं एक मोठं कारण या वसाहती. आणि तोझाई लाइननं थेट ऑफिसांच्या ओतेमाची भागात जाता येतं, हेही आलंच.

घर मिळाल्यावर एक गोष्ट नीट लक्षात ठेवा: शेजारी तुमच्या दारावर येऊन तक्रार करणार नाही. तो व्यवस्थापन कंपनीला कळवेल आणि तुमच्या टपालपेटीत एक कागद पडेल, बहुतेकदा कुणाचंही नाव न घेता. "रात्री उशिरा मुलांच्या पळण्याचा आवाज येतो." तो कागद फोनवर भाषांतर करून वाचा, फेकू नका. लिफ्टमध्ये हसून मान लववणाऱ्या बाईंनीच तो पाठवायला लावला असेल, आणि त्यांचं ते हसणंही खोटं नसतं. रात्री वॉशिंग मशीन लावू नका, फोडणी देताना पंखा चालू ठेवा, कचरा ठरलेल्या दिवशी सकाळी जाळीखाली ठेवा. कचरा चुकला की इमारतीत पहिलं बोट परदेशी माणसाकडे जातं. बरोबर नाही, पण जातं.

पोलिसांचंही सांगतो. रात्री सायकलवर असताना ते थांबवतात आणि नोंदणीचा क्रमांक तपासतात. जपानी माणसालाही थांबवतात, पण आपल्याला जास्त वेळा, असा माझा अनुभव आहे. झाइर्यू कार्ड, म्हणजे परदेशी रहिवाशाचं ओळखपत्र, कायम खिशात असू द्या, कायद्यानंच ते बाळगावं लागतं. मित्राची जुनी सायकल घेतलीत तर नोंदणी स्वतःच्या नावावर करून घ्या, नाहीतर चोरीच्या संशयावरून चौकीत ताटकळाल. वागणूक अपमानास्पद वाटली किंवा नोकरीत भेदभाव झाला, तर योत्सुयाला परदेशी रहिवाशांसाठीचं सरकारी मदत केंद्र आहे, फ्रेस्क. २०२० पासून चालू आहे. तिथे मानवी हक्कांबद्दलही सल्ला मिळतो.

जवळीक हवी असेल तर पहिलं पाऊल तुम्हाला टाकावं लागेल. राहायला आल्या आठवड्यातच वर, खाली आणि दोन्ही बाजूंच्या घरी लहानसा टॉवेल किंवा बिस्किटांचा डबा घेऊन जा, नाव सांगा, लहान मुलं असतील तर तेही सांगा. पुढे आवाज झाला तरी तो ओळखीच्या घरातला असतो. आपले योगेंद्र पुराणिक २०१९ साली निशी-कासाई ज्यात येतं त्या एदोगावा वॉर्डाच्या सभेवर निवडून आले, जपानी मतदारांच्या मतांवर.

आणि मोहल्ल्याची आपत्ती कवायत चुकवू नका. एदोगावाचा बराच भाग भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहे. पुराच्या वेळी कुठे जायचं, म्हाताऱ्या शेजाऱ्यांना कुणी उतरवायचं, हे तिथेच ठरतं. तिथे नाव नोंदवा आणि तुमच्या मजल्यावर कोण कोण राहतं ते विचारून घ्या.