नेलपॉलिश टिकत नाही? या चुका टाळा

नेल आर्टचं सामान घेताना सगळं लक्ष रंगाकडे असतं. पॉलिश वाळतं कसं, हे कुणी बघत नाही आणि निम्मे घोटाळे तिथेच होतात. साध्या नेलपॉलिशमध्ये नायट्रोसेल्युलोज आणि रेझिन हे इथाइल अ‍ॅसिटेट, ब्युटाइल अ‍ॅसिटेट अशा द्रावकांत विरघळवलेले असतात. द्रावक उडून गेले की नखावर पापुद्रा उरतो. जेल पॉलिश असं वाळतच नाही. यूव्ही किंवा एलईडी दिव्याच्या प्रकाशात त्यातले रेणू एकमेकांना जोडले जातात, तेव्हा ते घट्ट होतं. त्यामुळे साधं पॉलिश दिव्याखाली धरण्यात अर्थ नाही. बाटलीवर ‘जेल इफेक्ट’ लिहिलेलं असेल तर बहुतेक वेळा ते साधंच पॉलिश असतं, त्याला दिवा लागत नाही.

जाड थर ही सगळ्यांत जुनी खोड. वरचा भाग आधी वाळतो, आतला द्रावक अडकतो आणि तासाभराने पांघरुणाची घडी नखावर उमटते. दोन-तीन पातळ थर द्या, मध्ये थोडं थांबा. जेलमध्येही तेच. गडद रंग प्रकाश अडवतो, म्हणून जाड थर वरून कडक आणि आतून कच्चा राहतो, सुरकुततो.

बुडबुडे येत असतील तर बाटली खळखळून हलवणं बंद करा, तळव्यांत फिरवा. पॉलिश घट्ट झालं म्हणून त्यात रिमूव्हर ओतू नका. मी ओतलं होतं. रंग पातळ झाला, पण नखावर धरेना. नेलपॉलिशच्या थिनरचे दोन-तीन थेंब पुरतात.

रंग दुसऱ्याच दिवशी टोकाला उडतो? हात पाण्यात भिजवून लगेच पॉलिश लावलं असेल. नख पाणी शोषून किंचित पसरतं, सुकताना आकसतं आणि पॉलिश सुटतं. नखावर क्रीम किंवा तेल राहिलं तरी तेच होतं. कोरडं नख रिमूव्हरने पुसा, बेस कोट लावा आणि ब्रश नखाच्या टोकाच्या कडेवरूनही फिरवा. बेस कोटमुळे गडद रंगाचा पिवळेपणाही नखाला कमी लागतो.

आता जरा गंभीर गोष्ट. कच्चं जेल कातडीला लागू देऊ नका. त्यातल्या अ‍ॅक्रिलेट वर्गातल्या घटकांची, विशेषतः हेमा (HEMA) या रसायनाची, अ‍ॅलर्जी होऊ शकते आणि एकदा झाली की ती सहसा जन्माची सोबतीण. कडेला ओघळलेलं जेल दिव्याआधीच पुसा. दिव्यानंतर वर राहणारा चिकट थर मात्र बहुतेक जेलमध्ये असतोच. तो कच्चेपणा समजून पुन्हा पुन्हा दिवा लावू नका, अल्कोहोलने पुसा. जेल सोलून काढलं तर नखाचे पापुद्रेही सोबत येतात. वरचा थर हलका घासा, अ‍ॅसिटोनचा कापूस 10 ते 15 मिनिटं फॉइलने बांधा, मग ते अलगद सुटतं.

नक्षीवर टॉप कोट देताच रंग फराटला तर घाई झाली. दहा मिनिटं थांबा. मग ब्रशवर भरपूर टॉप कोट घेऊन तो न दाबता, तरंगल्यासारखा फिरवा. स्टॅम्पिंग, म्हणजे कोरीव प्लेटवरची नक्षी मऊ ठशाने (स्टॅम्परने) उचलून नखावर उठवणं, नीट उमटत नसेल तर उलट घाई करायला हवी: प्लेटवर पॉलिश पसरलं की लगेच स्क्रॅपरने निपटून स्टॅम्परवर उचला, नाहीतर ते खाचेतच वाळतं. त्यासाठी दाट रंगाचं स्टॅम्पिंग पॉलिशच घ्या. साध्याची नक्षी फिकी येते.