जेल लावताना हळद आठवा

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी आहे. संध्याकाळी घरी आलो की दाराची कडी, तांब्या, टीव्हीचा रिमोट, सगळीकडं माझी पिवळी बोटं उमटतात. टेस्टोस्टेरॉनचं, म्हणजे पुरुषी हार्मोनचं, अंगाला लावायचं जेलही असंच पसरतं, फक्त दिसत नाही.

पिट्युटरीच्या, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीच्या, ऑपरेशननंतर माझं हे औषध सुरू झालं. त्याआधी दोन वेगळ्या दिवशी सकाळी रक्त दिलं, दोन्हीदा टेस्टोस्टेरॉनची पातळी कमी आली, मग चिठ्ठी मिळाली. जिममधलं पोरगं सांगतं म्हणून आणायची ही वस्तू नव्हे. मूल हवं असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा; यानं शुक्रजंतू घटतात. प्रोस्टेटचा कॅन्सर असेल तर हे चालत नाही.

आता माझा क्रम. कृष्णेत पोहणं, आंघोळ, देवपूजा, आणि सगळ्यात शेवटी जेल. पहिले आठ दिवस मी उलटं करायचो. आंघोळ झाली की जेल फासून उघड्या अंगानं निरांजन लावायला बसायचो. जेलमध्ये अल्कोहोल असतं, ओलं असताना ते पेट घेतं! औषधवाल्यानं हे सांगितलं तेव्हा अंगावर काटा आला.

माझं पाकीट १ टक्क्याचं, ५ ग्रॅमचं, म्हणजे ५० मिलिग्रॅम औषध. तळहातावर पिळायचं आणि कोरड्या, कुठं खरचटलेलं नाही अशा खांद्या-दंडांवर पातळ पसरायचं. गुप्तांगावर कधीच नाही. लगेच साबणानं हात धुवायचे. पाच-एक मिनिटं वाळू द्यायचं, मग सदरा. माझ्या जेलला पुढचे ५ तास अंगावर पाणी चालत नाही, म्हणून तर पोहणं आधी. तुमच्या जेलची जागा आणि वेळ वेगळी असू शकते, आतला कागद वाचा.

सदरा म्हणजे बाह्यांचा. गेल्या गणपतीत आरतीला बिनबाह्यांच्या बनियनवर उभा होतो, नातीला उचललं, तिनं गाल नेमका दंडावर टेकला. सूनबाईंनी तिथंच तिचं तोंड साबणानं धुतलं. डॉक्टर म्हणाले, एकदाच झालंय, पण लक्ष ठेवा. हे वारंवार लागलं तर लहान मुलांना अवेळी केस येतात, जननेंद्रियं वाढतात, हाडं वयाच्या पुढं जातात. याच कारणानं अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्यानं, २००९ मध्ये यावर ठळक इशारा छापायला लावला. घरात कुणी गरोदर असेल तर तिचा या जागेला हातही लागता कामा नये. बायकांना मुरुमं, लव आली तरी डॉक्टरांच्या कानावर घाला. कुणाला अगदी जवळ घ्यायचंच असेल तर आधी ती जागा साबणानं धुवा.

रक्ततपासणी चुकवू नका. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण, ५४ टक्क्यांच्या वर गेलं तर औषध थांबवतात. रक्त घट्ट होतं. पीएसए, म्हणजे प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी, तीसुद्धा बघतात.

रिकामं पाकीट मी कागदात गुंडाळून झाकणाच्या डब्यात टाकतो. पंचा माझा वेगळा, खुंटीही वेगळी.